जामखेड ते भंडारदरा: वाटेत न खायचा कानवला

दर दिवाळीला आमचं तिघी बहिणींचं फोनवर एकदा भांडण होतं. विषय ठरलेला आहे: आईची करंजी नेमकी कशी होती. जामखेडची अक्का म्हणते, तीळ, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. नगरला राहणारी मी म्हणते, सुकं खोबरं, खसखस आणि पिठीसाखर. भंडारदऱ्याची सुधा म्हणते, रवा आणि खवा. वर आम्हा दोघींना वयामुळे आठवत नाही असंही ऐकवते. तिघींची आई एकच. या वर्षी भांडण लक्ष्मीपूजनाच्या सकाळीच झालं, आणि फोन ठेवताना मी ठरवलं की आता गाडी काढायची आणि हा प्रश्न जागेवर जाऊन मिटवायचा.

गाडी काढायला दुसरंही कारण होतं. अक्काचा मुलगा प्रशांत बायको स्नेहासह पुण्याला असतो. श्रावणात अक्का मोरीत घसरली आणि शेजारची शबाना दूध द्यायला येईपर्यंत तिला उठता आलं नाही. हाड मोडलं नाही, एवढंच. तेव्हापासून प्रशांत तिला पुण्याला चल म्हणतोय आणि ती नाही म्हणतेय.

"मावशी, तू फिरायला म्हणून तिला बाहेर काढ," तो मला म्हणाला. "भंडारदऱ्याहून परत येताना मी संगमनेरला येतो. तिथून पुण्याला घेऊन जातो. एकदा घरात आली की राहील."

मला ते पटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं एकटं राहावं हे मला हट्टाचं वाटत होतं. मी हो म्हणाले. म्हणजे या प्रवासात दोन कामं होती: एक करंजीचा निकाल लावायचा, आणि दुसरं अक्काला तिच्या नकळत जामखेडमधून हलवायचं.

नगर ते जामखेड

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, एसटीच्या फलकावरही. पण गाडीत बसलेला माणूस अजून "नगर एक" असंच तिकीट मागतो. नगरहून जामखेडला चिचोंडी पाटील, कडा, आष्टीवरून रस्ता आहे. मध्ये बीड जिल्हा लागतो आणि पुन्हा आपला जिल्हा येतो. स्वतःची गाडी असेल तर दोन तास धरा, एसटीला थोडे जास्त. मी बांधकाम खात्यात आयुष्यभर नकाशे काढले असल्यामुळे रस्ता बघून बोलायची सवय आहे. हा रस्ता चांगला आहे, वळणंही बरी आहेत. मात्र उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मागे अडकायची तयारी ठेवा. ट्रॉलीला मागे दिवा असतोच असं नाही, म्हणून अंधार पडायच्या आत पोचा.

आष्टीच्या पुढे जमिनीचा रंग फिका होत जातो. कडेला तूर उभी होती, ज्वारी गुडघ्याएवढी आली होती. नारळाचं झाड शोधून सापडणार नाही. करंजीतल्या खोबऱ्यावरून भांडणाऱ्यांनी एकदा इकडून यावं.

अक्काच्या ओट्यावर पोचले तर आतून तळणाचा वास येत होता. सुधाला न्यायला ताज्या करंज्या चालल्या होत्या. अक्का पाटावर बसून कड घालत होती, शबाना कढईपाशी होती. या गल्लीत करंज्या एकटीनं करत नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असं चालतं. लाटणारी वेगळी, भरणारी वेगळी, तळणारी वेगळी. कड मात्र सगळ्या घरांत अक्का घालते. कातणं फिरवून नव्हे, हातानं. अंगठा आणि बोट यांच्या मध्ये काठ दुमडत जायचं, दोरीसारखी मुरड पडते. रमजानमध्ये शबानाच्या खिम्याच्या समोशांची तोंडंही अक्काच बंद करते. अक्कानं मिटलेलं तेलात उघडत नाही, असा तिचा लौकिक आहे.

शबानानं गार झालेली एक करंजी माझ्यापुढे धरली. "मावशी, कानापाशी न्या. हलवून बगा."

मी हलवली. काही वाजलं नाही.

"तुमच्या नगरच्या करंज्या म्हंजे खुळखुळा असतोय," ती म्हणाली. "लेकराच्या हातात द्यावा असा."

"नगरला आम्ही खातो, वाजवत नाही," मी म्हणाले.

"वाजतीया म्हनून कळतं न्हवं, आत काय न्हाई ते," अक्का मान वर न करता म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "खा आदी. मग भांड."

खाल्ली. तीळ खमंग भाजलेले, गूळ थोडा चिवट, कूट जाडसर. चांगलीच होती. मी तसं म्हणाले आणि पुढे म्हणाले, की पण आईची ही नव्हे. शबानानं झारा कढईच्या काठावर आपटला. "ही जामखेडची हाय. दुसरीकडं असली न्हाई मिळायची तुमाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी माझ्या पद्धतीनं घर आवरलं. दूध-भाजी शबानाकडे दिली, गॅस बंद केला, फ्रीज रिकामा करून त्याचं बटण बंद केलं आणि दार वास येऊ नये म्हणून उघडं ठेवलं. शबाना दारात उभी राहून सगळं बघत होती. मग घरी जाऊन परत आली, आणि अक्काच्या हातात स्टीलचा छोटा डबा दिला. आत एकच कानवला होता, करंजीसारखाच पण मोठा, काठाला मुरड घातलेला. ती मुरड अक्काची नव्हती. जरा वेडीवाकडी होती.

"मीच केलाय," शबाना म्हणाली. "अक्कानंच शिकिवलंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गौरी उठवतात त्या दिवशी असा मुरडीचा कानवला नैवेद्याला करतात, गौर पुन्हा यावी म्हणून. लेक सासरी निघाली, कोणी लांबच्या गावाला निघालं, की त्याच्याही शिदोरीत एक घालतात. आमच्या अक्काचा त्यावर आणखी एक नियम आहे: तो वाटेत खायचा नाही. परत आपल्या घरी येऊन मोडायचा.

अक्कानं डबा पिशवीत न ठेवता मांडीवर घेतला आणि गाडीत बसली.

तिसगाव, आणि वहिनीची साक्ष

आष्टीपासून हमरस्ता सोडून आतल्या रस्त्यानं माणिकदौंडीच्या बाजूनं पाथर्डी गाठली. रस्ता अरुंद आहे आणि डोंगरातून जातो. समोरून टेम्पो आला तर कोणीतरी एकानं मागे जावं लागतं. आमच्या वेळी दोन्ही वेळा टेम्पोवालाच मागे गेला, कारण मी गेले नाही. सीताफळांचा हंगाम सरत आला होता, तरी कडेला पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. घ्या, पण पिकलेली घेऊ नका, गाडीत चिखल होतो.

पाथर्डीहून तिसगाव जवळ आहे. तिसगाव आमचं माहेर. जुनं घर राहिलेलं नाही, भाऊही जाऊन बरीच वर्षं झाली. बाजाराच्या मागच्या आळीत वहिनी नातवाकडे राहते. ती आमच्या घरात आली तेव्हा आम्ही तिघी लहान-मोठ्या पोरी होतो, आणि आम्हा तिघींच्या लग्नाआधीच्या शेवटच्या दिवाळ्या तिनं आईच्या बरोबरीनं केल्या. करंजीच्या भांडणात तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार जिल्ह्यात नाही. तिला आजवर कोणी विचारलं कसं नाही, याचं मला गाडीतच नवल वाटलं होतं.

त्या दिवशी बाजार होता. कांद्याची रोपं, कोंबड्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि एका कडेला कढई. कढईवाल्याकडे समोसा नव्हता, वाटाण्याचं सारण भरलेली चपटी कचोरी होती. मी विचारलं, ही पाथर्डीसारखीच का? तो म्हणाला, "पाथर्डीला काय खाता बाई, तिकडं बटाटा घालत्यात." बटाटा हा शब्द त्यानं असा उच्चारला, की मी दोन घेतल्या. पंधरा रुपयाला एक. चांगली होती, पण तेल दोनदा तापलेलं.

वहिनीनं शेंगोळ्यांचा बेत केला होता. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, लसणाचा झणका आणि बाजरीची भाकरी. पोटभर जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आले.

"वहिनी, आईच्या करंजीत काय असायचं? एकदाच सांग आणि विषय मिटव."

वहिनी सुपारी कातरत होती. "कोनत्या सालच्या करंजीत?"

"कोणत्याही. आईच्या करंजीत."

"अगं, दर साली येगळंच की. घरात असंल ते घालायच्या सासूबाई. तुज्या लग्नाच्या आदल्या दिवाळीला पानी चांगलं हुतं, गहू झाल्ता, यांनी नगरहून खोबरं आनलं हुतं. त्या साली खोबरं-खसखस. सुधाच्या येळेला ह्यांची शुगर फॅक्टरीत नोकरी लागली, मग काय, साखर, रवा, खवा, चैन नुसती." ती अक्काकडे वळली. "आन् वन्सं, तुमच्या साली दुष्काळ हुता."

"त्ये म्हाईत हाय मला," अक्का म्हणाली. "खडी फोडायला जात हुतो आपन."

"व्हय. घरात काय न्हवतं. बियाला ठिवलेल्या शेंगा हुत्या तेवढ्या, आन् वाटीभर तीळ. मी म्हनलं, आत्याबाई, ह्या फोडल्या तर पेरायचं काय? तर म्हनल्या, पाऊस यील तवा पेरनीचं बगू. पोरगी ह्या घरातनं रिकाम्या करंज्या घिऊन जायाची न्हाई. फोडल्या शेंगा. मीच कुटल्या."

अक्काचा हात डब्यावर होता, तो तिथंच राहिला. ती म्हणाली, "फोनवर भांडते, पन मला वाटायचं, जामखेडला जाऊन मी बिगाडलं. इथं खोबऱ्याचं करत असतील आन् मी तिकडचं शिकले."

"न्हाई वो," वहिनी म्हणाली. "तुमच्या हितनंच गेल्यात त्या."

निघताना वहिनीनं आमच्या गाडीत काकडी, बाजरी आणि शेंगोळ्यांचं पीठ भरलं. मी नको म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

करंजी, घाट आणि नगरचा समोसा

तिसगावहून नगरला येताना करंजी नावाचं गाव लागतं. तिथं करंजी मिळेल या आशेनं थांबू नका. गावाचं नाव करंजाच्या झाडावरून पडलं असावं. चहा आणि कांदाभजी मिळतात, दोन्ही बरी. टपरीवाल्याला मी विचारलं, रोज किती जण हाच विनोद करतात? तो म्हणाला, "तुमी तिसऱ्या. आजून दुपार हाय."

पुढे घाट आहे. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअर उतरवा. अक्का सबंध घाटभर डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होती. एरवी ती माझ्या गाडी चालवण्यावर बोलत असते. खाली आल्यावर एकदम म्हणाली, "शैले, बियाच्या शेंगा व्हत्या त्या."

"हो."

"मी सासरी जाऊन म्हनाले हुते, आमच्याकडं असल्याच करत्यात. तवा खोटं सांगितलं असं वाटायचं मला."

मी गिअर बदलला. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही.

नगरला दिल्लीगेटच्या बाजूला एका गाड्यावर समोसा खाल्ला. जाड पापुद्रा, आत बटाटा, धणे भरडून घातलेले. अक्कानं चटणी मागितली तर गाडेवाला म्हणाला, "आजी, समोशाला चटणी लागली म्हणजे समोसा चुकला. पुण्याचे लोक मागतात चटणी." चटणी त्यानं दिलीच नाही. अक्का खाऊन म्हणाली, "मीठ कमी हाय." गाडेवाल्यानं मिठाची बाटली पुढे केली नाही, त्याऐवजी तिरकं बघितलं. नगरमध्ये हे असंच चालतं, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

माझ्या घरी मुक्काम केला. अक्कानं माझ्या डब्यातली करंजी कानापाशी धरून हलवली, वाजली, आणि तिनं ती परत ठेवली.

भंडारदरा

नगरहून भंडारदरा एका दमात करायचं असेल तर सकाळी लवकर निघा. राहुरी, कोल्हार, लोणीवरून संगमनेर, मग अकोले, राजूर. कोल्हारपर्यंत ट्रकांची गर्दी असते आणि खड्डेही आहेत. संगमनेर सुटलं की रस्ता मोकळा होतो. अकोल्याच्या पुढे भात दिसू लागतो, आणि राजूरनंतर हवा बदलते. सकाळी जिथून निघालो तो आणि हा एकच जिल्हा आहे हे गाडीत बसून पटत नाही. जामखेडला अक्का पाण्याच्या टँकरची वाट बघते, इथं धबधब्याखाली लोक सेल्फी काढतात आणि वेफर्सची पाकिटं तिथंच टाकतात. मी एका तरुणाला पाकीट उचलायला लावलं. त्यानं उचललं.

सुधा आणि तिचा नवरा शेंडी गावाजवळ राहतात. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. सुट्टीच्या दिवसांत आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका. जेवणात भात हवाच, आणि थंडी पडली असेल तर स्वेटर न्या.

सुधानं आमच्यापुढे तिची करंजी ठेवली. पारीत तांदळाची पिठी घातलेली, त्यामुळे दाताखाली कडकन मोडते. आत रवा आणि खवा. "इथला तांदूळ आहे," ती म्हणाली. "हा वास दुसरीकडे यायचा नाही."

मी वहिनीची साक्ष सांगितली. सुधा ऐकून म्हणाली, "म्हणजे माझंच बरोबर होतं."

"तुझंही बरोबर," मी म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

अक्का हसली. प्रवासात पहिल्यांदा.

संध्याकाळी धरणाचं पाणी बघून आलो. पाणी भरपूर होतं, कडेनं डोंगर, आणि कोणाचा तरी मोठ्यानं लावलेला स्पीकर. परत आल्यावर सुधाच्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो. अक्का म्हणाली, "शैले, हात दे." आणि तिनं मला मुरड घालायला शिकवलं. मी सबंध आयुष्य कातणं वापरलं. नकाशातली रेघ मला सरळ काढता येते, पण काठ दुमडताना बोटं एकमेकांना अडत होती. अक्का माझी बोटं धरून म्हणाली, "घाई नगं करू. पयला आत, मग वर. काठाला विचारून जायाचं."

"काठ काय बोलतो का?" मी म्हणाले.

"तू बोलू दिलंस तर."

सुधा हसत होती. मी दोन घातल्या. एक उघडली. एक कशीबशी मिटली.

संगमनेर

सकाळी निघालो तेव्हा मी अक्काला सांगितलं की संगमनेरला प्रशांत भेटणार आहे. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात तो आधीच येऊन बसला होता. पुण्याहून उपाशीच निघाला होता. पाया पडला, आईचा हात धरून बसला. वाईट मुलगा नाही. आम्ही कचोरी मागवली. दही, शेव, चटणी असं सगळं वर घालून आली. अक्का ती बाजूला सारून म्हणाली, "हिला आत काय हाय त्येच कळत न्हाई."

तोवर प्रशांतनं भुकेनं टेबलावरचा स्टीलचा डबा उघडला. "अरे वा, कानवला."

"त्यो न्हाई," अक्का म्हणाली. "त्यो घरी जाऊन मोडायचा."

"घरीच चाललोय ना आपण."

अक्कानं डबा स्वतःकडे ओढला आणि झाकण लावलं. "तुला दिल्ता शबानाच्या सासूनं, तू कालेजला गेलास तवा. आटवतंय? काय केलंस त्याचं?"

प्रशांतला आठवत होतं. "भूक लागली होती, आई. आष्टीतच खाल्ला."

"आष्टीला खाल्लास. म्हनून पुन्याचाच झालास."

तो हसायला लागला आणि मग थांबला. अक्का माझ्याकडे वळली. "शैले, तू फ्रीज बंद केलास तवाच कळलं मला. चार दिसाला कोन फ्रीज बंद करतं?"

प्रशांत म्हणाला, "आई, तू पडली होतीस. शबानावहिनी आली नसती तर? मी रोज सकाळी फोन करतो, तू दोन रिंगमध्ये उचलला नाहीस की लगेच शबानावहिनीला लावतो. माझ्याकडे तुझी खोली तयार आहे. स्नेहानं ओटा तुला बसून काम करता येईल असा करून घेतलाय. तुला करंज्या करायच्या तर तिथं कर. हवं ते सामान आणतो."

"सामान आनशील," अक्का म्हणाली. "सून बी चांगली हाय, तिला मी नावं ठिवत न्हाई. पन तुजी आजी काय करायची, मला परवा कळलं. घरात असंल ते घालायची. बियाच्या शेंगा फोडल्या तिनं माज्यासाटी. घर तिचं हुतं म्हनून फोडल्या. कोनाला इचारावं लागलं न्हाई." तिनं डब्यावर हात ठेवला. "तुज्या घरात मी डबं उगडून बगू का, काय काय हाय ते? बगीन. तू न्हाई म्हननार न्हाईस. पन बगायच्या आदी मी इचारीन. तिथं फरक हाय."

हॉटेलात खूप गोंगाट होता. वेटर मध्ये येऊन पाणी ठेवून गेला. प्रशांत टेबलाकडे बघत होता. मी त्याची बाजू घ्यायला बोलावलेली होते, आणि त्याची काळजी खोटी नव्हती. मोरी तीच होती, फरशी तीच होती, अक्काचं वयही कमी होणार नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मोरीत भिंतीला दोन दांड्या लावायच्या. स्टीलच्या, चांगल्या जाड. उंची मी सांगते. फरशी खरखरीत करून घ्यायची. एक किल्ली शबानाकडे. आणि अक्का, फोन गळ्यात अडकवायचा, मोरीत जातानासुद्धा."

"गळ्यात?" अक्का म्हणाली. "गाईवानी?"

"गाईसारखा. नाहीतर पुण्याला जा."

तिनं गळ्याला हात लावून बघितला. "बरं," म्हणाली. "पन वाजायचा न्हाई त्यो."

प्रशांतनं बिल दिलं. माझ्या गाडीतली अक्काची पिशवी आणि सुधानं दिलेला तांदूळ त्याच्या गाडीत ठेवला, आणि आईला पुढच्या सीटवर बसवून तो नगरच्या दिशेनं वळला, जामखेडला जायला. डबा तिच्या मांडीवर होता. निघण्याआधी तो पुण्याला फोन करून सुट्टी वाढवून घेत होता, ते मला खिडकीतून ऐकू आलं.

परत नगरला

दुसऱ्या दिवशी शबानानं पाठवलेला फोटो आला. ताटलीत कानवल्याचे तुकडे, मागे फ्रीजचं बंद दार. खाली तिनं लिहिलं होतं: चालू केला. त्यानंतर प्रशांतचा फोटो आला, मोरीच्या भिंतीचा. दांडी मी सांगितली त्याहून चार बोटं वर लावली होती. काढून पुन्हा लावायला सांगितली.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांना एवढंच सांगते: दिवाळीनंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा प्रत्येक घरात डबे भरलेले असतात. प्रत्येक गाव तुम्हाला सांगेल की खरी करंजी आमचीच. भांडू नका, खा. मात्र विचारून बघा, की त्यांनी ती कुठून आणली. अभिमान गावाचा असतो, पण सारण त्या साली घरात जे होतं त्याचं असतं, आणि ते सांगायला अजून कोणी असेल तर त्याच्याकडे आधी जा. आम्ही तिघींनी फोनवर भांडत इतकी वर्षं घालवली आणि वहिनी तिसगावात सुपारी कातरत बसली होती.

माझं अक्काबद्दलचं मत बदललं का? पूर्ण नाही. फोन वाजला की अजूनही मला मोरीची फरशी दिसते. पण तिला उचलून न्यायचा बेत चांगल्या मनानं केला तरी तो बेतच होता, हे मला संगमनेरला कळलं.

माझी मुलगी मृण्मयी ठाण्याला असते. नवरा गेल्यापासून मीही एकटीच राहते, हे तिच्या डोक्यात आहे. येत्या रविवारी येते म्हणाली. फोनवर म्हणाली, "आई, जरा शांतपणे बोलायचंय तुझ्याशी." काय बोलायचं असेल ते मला माहीत आहे; असं शांतपणे बोलायला मीच जामखेडला गेले होते. तिला ऐकून घेईन. माझ्या मोरीतही दांड्या लावून घेतल्यात, त्या तिला दाखवीन.

आज सकाळी खोबरं नव्हतं, म्हणून वहिनीनं दिलेल्या शिदोरीतली बाजरी भाजून दळली, त्यात गूळ आणि सुधानं बरणीत दिलेलं तूप घातलं. घरात होतं ते. एकटीनंच केलं, शबाना ओरडली असती. एक कानवला केला आणि काठाला हातानं मुरड घातली. दोन ठिकाणी चुकली, पण तेलात उघडली नाही. गार झाल्यावर कानापाशी धरून हलवला. गप्प होता.

स्टीलच्या डब्यात ठेवलाय. रविवारी मृण्मयी निघेल तेव्हा तिच्या हातात देईन, आणि ठाण्याला घरी पोचायच्या आत उघडलास तर बघ, असं सांगेन.